नागपुरात जुनं सामान विकताना: कूलरपासून स्कूटीपर्यंत, आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत

बदली झालेला रेल्वेवाला, वसतिगृह सोडणारा पोरगा आणि महालातलं जुनं घर रिकामं करून बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये जाणारं कुटुंब. नागपुरात जुनं सामान विकायला काढणारे बहुतेक या तिघांपैकी कुणीतरी असतात, आणि तिघांनाही घाई असते. घाईत भाव पडतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. घाईत पैशांकडे नीट लक्ष राहत नाही, हे मात्र नव्याने विकणाऱ्याला कुणी सांगत नाही. पूर्वी समोरचा नोटा मोजायचा, आपण परत मोजायचो, मग वस्तू टेम्पोत चढायची. आता समोरचा फोन पुढे करतो, हिरवी खूण दाखवतो आणि म्हणतो, "झालं जी, गेले पैसे." गेले असतीलही, पण आले की नाही ते आपल्या फोनवर पाहायचं असतं. पहिल्यांदाच विकत असाल तर या लेखातला पैशांचा भाग दोनदा वाचा. बाकीचं एकदा वाचलं तरी चालेल.

आधी कॅलेंडर पाहा

इथला सगळ्यात खपणारा जुना माल म्हणजे कूलर. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात कूलर नसलेलं घर शोधावं लागतं, आणि तरी दरवर्षी हजारो नवे भाडेकरू येतातच. कूलर विकायची खरी वेळ फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. मेमध्ये गिऱ्हाईक येतं, पण ते उन्हाने वैतागलेलं असतं, त्याला आजच्या आज खिडकीत बसवून पाहिजे असतो. मृग लागला की तोच कूलर कुणी फुकटातही उचलत नाही, कारण पुढचे आठ महिने तो ठेवायचा कुठे?

कूलर दाखवायच्या आधी जुन्या ताट्या, म्हणजे बाजूंना लावलेल्या, पाणी धरणाऱ्या गवताच्या जाळ्या, काढून टाका. क्षार धरून पांढऱ्या पडलेल्या ताट्या दिसल्या की समोरचा मनातल्या मनात तिथेच दोनशे रुपये कापतो. खस भरायच्या खर्चात पडू नका, ती घेणारा आपल्या आवडीने भरेल. साध्या नव्या ताट्या पुरतात. मग टाकी रिकामी करून तळ पुसा. जाणकार माणूस पंख्याकडे पाहतच नाही, तो सरळ टाकीच्या कोपऱ्यातल्या सांध्यावरून बोट फिरवतो, कारण पत्रा सडतो तो तिथून. एमसील भरून वरून रंग मारलेला सांधा बोटाला लगेच कळतो. म्हणून गळत असेल तर आधीच सांगा आणि तेवढे पैसे कमी करा. दाराशी उघडं पडलं तर दुप्पट कमी करावे लागतात. पंप पंधरा मिनिटं चालवून तिन्ही बाजूंनी पाणी सारखं उतरतंय असा व्हिडिओ काढा. आणि लोखंडी बॉडीचा कूलर असेल तर वायर तीन पिनांचीच असू द्या. कूलरला करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या इथे दर उन्हाळ्यात येतात. दोन पिनांचा जुगाड करून विकणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात संकट पाठवणं आहे.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. पुस्तकं, सायकली, स्टडी टेबल यांची जाहिरात त्या हिशेबाने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टाका. हॉस्टेलची पोरं एप्रिल-मेमध्ये गाद्या आणि पलंग एकदम बाजारात ओततात, तेव्हा तुमचा पलंग तिथे नेऊ नका. गिझर दिवाळीनंतर. आणि घरात तान्ह्या पोळ्याचा मोठा, कोरीव लाकडी बैल पडून असेल, पोरं मोठी झाली असतील, तर श्रावणात फोटो टाका. चांगल्या सागवानी बैलाला नागपुरात नवी पिढी मिळतेच.

भाव आणि "लास्ट किती?"

आपण आपल्या बिलावरची किंमत धरून बसतो, घेणारा मात्र आजच्या ऑनलाइन सेलची किंमत पाहून आलेला असतो. भाव लावण्याआधी तीच वस्तू आज नवी कितीला मिळते ते पाहा. दोन-तीन वर्षं वापरलेली, चालू स्थितीतली वस्तू नव्याच्या निम्म्यावर सुरू करावी, हा माझा ठोकताळा; फर्निचरला त्याहून कमी, कारण ते हलवायचा खर्च घेणारा आधीच वजा करून येतो. घासाघीस होणारच, तेव्हा दहा टक्के वर ठेवा. "भाऊ, पाहा ना जी, काही कमी होते का" याला चॅटवरच उत्तर द्यायची गरज नाही. "या, वस्तू पाहा, मग बोलू" एवढं पुरे. न पाहता चॅटवर पाचशे कमी करून घेणारा दारात आल्यावर पुन्हा पाचशे कमी करतोच.

जाहिरात कुठे टाकायची

पहिली जागा म्हणजे तुमच्या सोसायटीचा किंवा ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. भाव थोडा कमी येतो, पण माणूस ओळखीतला असतो, आणि हे चार पैसे जास्त मिळण्यापेक्षा मोलाचं आहे. तिथे नाही खपलं तर ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेस. मजकूर मराठीत लिहा आणि खाली दोन ओळी हिंदीतही. सदर, जरीपटका, कामठी रोडकडचं बरंच गिऱ्हाईक हिंदीतून शोधतं. पत्त्यात फक्त वस्ती लिहा, फ्लॅट नंबर नको. लिफ्ट आहे की नाही हे जरूर लिहा. कपाट विकताना हा पहिला प्रश्न असतो.

पुस्तकं एकेक करून विकत बसण्यात अर्थ नाही. स्पर्धा परीक्षांची आणि इंजिनिअरिंगची असतील तर बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, जुन्या पुस्तकांवाल्यांना दाखवा. कादंबऱ्यांचे ते फार देत नाहीत, त्या वाचनालयाला द्या.

चॅटवर ओळखायचा माणूस

जाहिरात टाकल्यावर पहिल्या काही मिनिटांत येणारा एखादा मेसेज फसवणाऱ्याचा असू शकतो. त्याचा नमुना ठरलेला. तो भाव करत नाही. वस्तू पाहायला येत नाही. तो सैन्यात किंवा केंद्रीय दलात असतो, बदली होऊन नागपुरात आलेला असतो, ओळखपत्राचा फोटो न मागता पाठवतो, आणि सामान न्यायला "आमची गाडी येईल" म्हणतो. पैसे मात्र आत्ताच द्यायचे असतात. मग तो क्यूआर कोड पाठवतो आणि सांगतो, "स्कॅन करा, पिन टाका, रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल."

इथेच थांबा. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला आणि शिल्लक पाहायला. तुम्ही विकणारे आहात, म्हणजे या सगळ्या व्यवहारात तुम्ही काहीही स्कॅन करायचं नाही आणि पिनही टाकायचा नाही. पूर्वी हेच लोक "कलेक्ट रिक्वेस्ट", म्हणजे पैशांची मागणी पाठवायचे आणि घाईत माणूस ती मंजूर करून बसायचा. व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. त्यामुळे आता जोर क्यूआरवर, लिंकवर आणि "ॲप नीट चालत नाही का, मी स्क्रीन पाहून सांगतो" या मदतीवर आला आहे. स्क्रीन दाखवणारं कुठलंही ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून उतरवून घेऊ नका.

असल्या माणसाशी वाद घालत बसायची गरज नाही. "येऊन पाहा, इथेच पैसे द्या" एवढं लिहा. खरा असेल तर येईल.

भेट

फोन, कॅमेरा, पुस्तकं अशा हातात मावणाऱ्या वस्तूंसाठी मेट्रो स्टेशनचं प्रवेशद्वार उत्तम. सीताबर्डी इंटरचेंज, शंकरनगर, जयप्रकाशनगर, जे दोघांना सोयीचं असेल ते. उजेड आहे, कॅमेरे आहेत, माणसांची वर्दळ आहे, आणि मोबाईलला रेंजही असते. जड सामानाला घरीच बोलवावं लागतं. तेव्हा घरात दुसरं माणूस असू द्या आणि वस्तू आधीच पुढच्या खोलीत आणून ठेवा. अख्खं घर दाखवत फिरू नका.

गाडी कुणाची हे आधी ठरवा. छोटा हत्ती टेम्पोवाल्याला आणि हमालाला घेणाऱ्याने द्यायचे, हे चॅटवर लिहून ठेवलं नसेल तर तिसऱ्या मजल्यावरून फ्रिज खाली आल्यावर सगळे एकमेकांकडे पाहतात.

पैसे: आता सावकाश वाचा

आठ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली, तेव्हा यूपीआय जेमतेम काही महिन्यांचं होतं. १४ एप्रिल २०१७ ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, मानकापूरच्या क्रीडा संकुलातून पंतप्रधानांनी भीम-आधार पेमेंटची, म्हणजे अंगठ्याचा ठसा देऊन पैसे भरण्याची, सुरुवात केली, तेव्हाही शहरातले बहुतेक दुकानदार अंगठ्याने पैसे देण्याच्या कल्पनेवर हसत होते. आज तर्री-पोह्याच्या ठेल्यावर क्यूआर लटकलेला आहे आणि सुट्ट्या पैशांचं भांडण जवळपास संपलंय. जुन्या सामानाच्या सौद्यातही दहातले बहुतेक घेणारे रोख आणतच नाहीत. हे आपल्या सोयीचंच आहे: बनावट नोटेची भीती नाही, नोंद आपोआप राहते, लांबच्या गिऱ्हाइकाकडून बयाणा घेता येतो. फक्त सवयी बदलाव्या लागतात.

बयाण्यापासून सुरुवात करू. दोनशे-पाचशे रुपये बयाणा मागायला लाजू नका. "रविवारी येतो" म्हणणारे बयाणा दिल्यावर खरंच येतात. तो किती, वस्तू कोणती, कधीपर्यंत राखून ठेवणार आणि आले नाहीत तर परत देणार की नाही, हे चॅटवर लिहा.

प्रत्यक्ष पैसे घेताना क्रम असा ठेवा. वस्तू पाहून झाली, भाव पक्का झाला, की आपल्या फोनवर आपला क्यूआर उघडा आणि समोरच्याला स्कॅन करू द्या. रक्कम भरण्याआधी त्याच्या स्क्रीनवर तुमचं बँकेतलं नाव येतं. ते त्याला मोठ्याने वाचायला सांगा. नंबर टाइप करून पाठवण्यात एक आकडा चुकला तर पैसे भलत्याकडे जातात आणि दोघेही अडकतात. मोठी रक्कम असेल तर आधी एक रुपया मागवा. मग पूर्ण रक्कम.

आता मुख्य भाग. त्याच्या फोनवरची हिरवी खूण हा पुरावा नाही. स्क्रीनशॉट तर नाहीच. हुबेहूब खोटी पावती दाखवणारी ॲप फिरत आहेत. तुमच्या फोनवर आलेला मेसेजही नाही, कारण बँकेसारखा दिसणारा मेसेज कुणीही पाठवू शकतो. त्यात पाठवणाऱ्याचं नाव एखादा मोबाईल नंबर असेल तर तो बँकेचा नाहीच. तुम्ही तुमचं बँकेचं ॲप स्वतः उघडा, खात्याचा उतारा पाहा, तिथे रक्कम आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक दिसला की मग हमालाला हाक मारा. तोवर वस्तू तुमची. हे पाहायला एक मिनिट लागतं. समोरचा त्या मिनिटात चुळबुळ करायला लागला, "भरोसा नाही का भाऊ" म्हणाला, तर हसून म्हणा, "बँकेवर नाही जी." गिऱ्हाईक खरं असेल तर तेही हसतं.

पैसे त्याच्या खात्यातून कापले गेले आणि तुमच्याकडे आले नाहीत, असं खरोखरही होतं. तेव्हा "व्यवहार प्रलंबित" असं दिसतं. अशा वेळी वस्तू देऊ नका, त्याला दुसऱ्यांदा लगेच पैसे पाठवायलाही लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कापलेली पण जमा न झालेली रक्कम पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत जायला हवी, नाहीतर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. त्याला हे सांगा, चहा पाजा, दुसऱ्या दिवशी बोलवा.

"चुकून जास्त आले, उरलेले परत पाठवा ना" हा फोन आला तरी तेच करायचं: खातं पाहायचं. बहुधा काहीच आलेलं नसतं, मेसेज खोटा असतो. खरंच जास्त आलेले असतील तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत, दुसऱ्या नंबरवर नाही.

यातून एका गोष्टीवर येतो जी फार कमी लोकांना माहीत असते. पैसे खरे आले, वस्तू गेली, आणि काही आठवड्यांनी तुमच्या खात्यातली रक्कम गोठवली गेली, असंही घडतं. कारण ते पैसे घेणाऱ्याचे नव्हतेच; कुणाला तरी फसवून लुटलेले पैसे त्याने तुमच्याकडे देऊन वस्तू नेली, आणि पोलिसांचा तपास साखळीने तुमच्यापर्यंत आला. म्हणून समोर उभ्या माणसाच्याच खात्यातून पैसे घ्या. "मित्र पाठवतोय, मालक पाठवतोय" याला शक्यतो नकार द्या. पाच हजारांच्या वरचा व्यवहार असेल तर साध्या कागदावर वस्तू, रक्कम, तारीख, संदर्भ क्रमांक आणि दोघांच्या सह्या घ्या, चॅट पुसू नका. असा कागद आणि चॅट असले तर बँकेत किंवा ठाण्यात तुमच्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

मर्यादा लक्षात ठेवा, नाहीतर ऐनवेळी फजिती. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआयने साधारण दिवसाला १ लाखापर्यंत जातात, काही बँका त्याहून कमी ठेवतात. ज्याने कालच नवा फोन घेऊन यूपीआय सुरू केलं त्याला पहिले २४ तास ५,००० च्या वर पाठवता येत नाहीत. "लिमिट आहे" म्हणणारा प्रत्येक जण खोटं बोलत नसतो. रुपे क्रेडिट कार्डावरून यूपीआय दुकानाच्या क्यूआरवर चालतं, तुमच्या घरगुती क्यूआरवर नाही. मोठ्या रकमेला आयएमपीएस किंवा एनईएफटी, म्हणजे बँकेतून थेट खात्यात पाठवलेले पैसे, घ्या. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रविवारीही चालू असतं. धनादेश घेतलात तर तो वटेपर्यंत वस्तू द्यायची नाही.

आणि रोख? घ्या की. म्हातारे काका खिशातून नोटा काढत असतील तर त्यांना ॲप शिकवत बसू नका. पाचशेच्या नोटा उजेडात पाहा. दोन हजारांची नोट मात्र नको; ती अजून वैध आहे, पण मे २०२३ मध्ये मागे घेतल्यापासून ती बदलायला संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेत खेटे घालावे लागतील, आणि ते तुम्ही घालायचे. एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यातच मना आहे.

फोन विकत असाल तर

फोन म्हणजे आता पाकीटच. रिसेट करण्याआधी सगळ्या यूपीआय ॲपमधून खातं काढा, नव्या फोनवर ती सुरू झालीत हे पाहा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, गुगल किंवा ॲपलचं खातं त्या फोनवरून साइन आउट करा, आणि मग फॅक्टरी रिसेट. खातं न काढता रिसेट केला तर घेणाऱ्याला फोन उघडता येत नाही असं होऊ शकतं, आणि मग तो रात्री अकराला तुम्हाला फोन करतो. बिल आणि डबा द्या. घेणारा सावध असेल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढेल आणि केवायएम लिहून, जागा सोडून तो पंधरा अंकी नंबर १४४२२ वर पाठवून फोन चोरीचा नाही ना ते तपासेल. तुम्हीच आधी तपासून उत्तर दाखवलंत तर भावाला बळ येतं.

स्कूटी, बाइक

इथे पैसे आले म्हणजे काम झालं असं समजणारे फार आहेत. आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. अपघाताच्या भरपाईबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. कागद असे लागतात: मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, आरसी, विमा, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५. विकल्याची सूचना विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायची असते. गाडी एमएच ३१, ४० की ४९, कुठल्या कार्यालयाची आहे ते पाहून तिथलीच अपॉइंटमेंट घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट लागलेली नसेल तर ती आधी लावा, त्याशिवाय हस्तांतरण पुढे सरकत नाही. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून "एजंट करून टाकेल" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका. मी तर किल्ली देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्यायला सांगतो, म्हणजे त्या संध्याकाळचं चलान कुणाचं यावर वाद नको.

फसलात तर, आणि उरलेलं सामान

पैसे गेल्याचं कळल्याक्षणी १९३० ला फोन करा, मग बँकेला, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. पहिल्या तासात रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, त्यामुळे नातेवाइकांना विचारत बसू नका. संदर्भ क्रमांक, समोरच्याचा नंबर आणि चॅट हाताशी ठेवा.

जे महिनाभर खपलं नाही ते कबाडीला द्या. वजन करण्याआधी किलोचा दर विचारा, काटा शून्यावर आहे का पाहा. आता बरेच कबाडीवालेही यूपीआयनेच देतात. त्यांच्याही बाबतीत पैसे आपल्या ॲपवर पाहूनच गाठोडं उचलू द्या. शेवटी जाहिरात काढून टाका. नाहीतर कूलर विकून तुम्ही पुण्याला पोचलेले असाल आणि दिवाळीतही कुणीतरी विचारत राहील, "भैया, अव्हेलेबल है क्या?"